माजगावची इस्राएली शाळा आणि तिचे शिक्षक



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून परवा एका स्नेह्यांनी मला बाजारात गाठले आणि विचारले, "अहो, रत्नागिरीच्या व्यासपीठावर ज्यू लोकांची शाळा कुठून काढलीत?" मी म्हटले, शाळा मुंबईची, माजगावची; पण तिचे मास्तर आपल्याच किनाऱ्याचे. त्यांची आडनावे तेवढी ऐका. केहिमकर, राजपूरकर, अष्टमकर, दिवेकर, चेऊलकर, पेणकर, म्हसळेकर. किहीम, राजपुरी, अष्टमी, दिवेआगर, चौल, पेण, म्हसळे. बाणकोटची खाडी ओलांडून उत्तरेला चालू लागलात तर ही गावे एकामागून एक लागतात. आपल्या आडनावामागे जो 'कर' आहे तोच त्यांच्याही मागे आहे. तेव्हा पाहुण्यांची गोष्ट सांगण्यासाठी मी उभा नाही. शेजाऱ्यांची गोष्ट सांगायची आहे, आणि तीही त्यांच्या मास्तरांची.

दुसरा एक योग सांगतो. ज्या प्रकारच्या व्याख्यानमालेसाठी आपण इथे जमलो आहोत तिची प्रथा १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. त्याच १८७५ साली मुंबईत हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या भावांनी आपल्या समाजाच्या मुलांसाठी एक लहानशी शाळा काढली. काळच तसा होता. ज्याला चार अक्षरे येत होती त्याला ती दुसऱ्याला दिल्यावाचून चैन पडत नसे.

या समाजाला बेने इस्राएल म्हणतात, म्हणजे इस्राएलचे पुत्र. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. पोथ्यापुस्तके समुद्राने नेली. इतिहासकार या कथेची चिकित्सा करतात आणि ती त्यांनी करावी. आपल्यापुरते एवढे खरे की शेकडो वर्षे हे लोक कुलाब्याच्या आणि जंजिऱ्याच्या गावांतून तेलाचा घाणा चालवीत राहिले, मराठी बोलत राहिले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत राहिले. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू भाषा विसरली होती. 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द तेवढे ओठांवर उरले होते.

सण मात्र चालू होते, आणि त्यांची नावे पाहा. वर्षातला सर्वांत पवित्र उपवास, ज्याला हिब्रूत योम किप्पूर म्हणतात, तो यांचा दारफळणीचा सण. कारण त्या दिवशी दारे बंद करून घरात बसायचे. एक खिरीचा सण, एक बिरड्याचा रोजा. बिरडे म्हणजे वालाचे, हे रत्नागिरीत सांगावे लागत नाही. जेरुसलेमचे मंदिर पडले त्याचा शोक दोन हजार वर्षांनी कोकणात वाल खाऊन पाळला जात होता, आणि पाळणाऱ्यांपैकी पुष्कळांना मंदिराची हकीकत ठाऊक नव्हती. आचार राहिला होता, अर्थ हरवला होता. अशा समाजाला शिक्षक म्हणजे काय वाटत असेल याची आपण कल्पना करावी.

त्यांचा पहिला शिक्षक दंतकथेतला आहे. त्याचे नाव डेव्हिड रहाबी. तो या किनाऱ्यावर आला, शनिवार पाळणारे लोक पाहून चकित झाला, आणि ते खरोखर यहुदी आहेत की काय हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे नाना जातींची मासळी टाकली आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवल्यांची आणि परांची मासळी वेगळी काढली आणि बाकीची बाजूला सारली. ती आम्ही खात नाही म्हणाल्या. धर्मग्रंथातला नियम नेमका तोच आहे. रहाबीची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतले तीन पुरुष निवडून त्यांना शिकवले आणि समाजात फिरून शिकवण्याचे काम त्यांच्याकडे दिले. मी जन्मभर मास्तरकी केली असल्यामुळे मला या कथेत एक गोष्ट फार आवडते. पाटी हातात देण्यापूर्वी या मास्तराने मुलांना आधीच काय येते ते पाहिले. आपले पुष्कळसे शिक्षण उलट्या बाजूने सुरू होते.

दंतकथेतून आपण इतिहासात येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिसेक वर्षांत दोन दिशांनी शिक्षक आले. एक कोचीनहून. तिथले यहुदी हिब्रूत पारंगत होते. त्यांच्यापैकी शलोमो सालेम शुराबी या नावाचे गृहस्थ मुंबईला आले आणि १८५६ साली वारले तोपर्यंत प्रार्थना चालवणे, मुलांना अक्षरे शिकवणे, विधी समजावणे हेच करीत राहिले. या समाजाच्या घरांतून त्यांचे नाव अजूनही आदराने घेतात.

दुसरे आले ते मिशनरी, आणि इथे आपला जिल्हा गोष्टीत येतो. स्कॉटिश मिशनचे काम १८२३ साली बाणकोटला सुरू झाले. डॉक्टर जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे कॉलेज पुढे मुंबईत झाले, ते १८२९ साली हिंदुस्थानात उतरल्यावर मराठी शिकायला आले ते हर्णैला. पुढे १८३२ साली याच विल्सनसाहेबांनी हिब्रू भाषेचे प्राथमिक व्याकरण मराठीत छापले, बेने इस्राएलांसाठी. म्हणजे विल्सनसाहेबांच्या मराठीचे पहिले धडे हर्णैच्या बंदरावर झाले आणि त्या मराठीतून तीन वर्षांनी हिब्रूचे धडे निघाले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. या लोकांना जुना करार वाचता आला की ते नव्या कराराकडे वळतील अशी त्यांची समजूत होती. झाले भलतेच. जुना करार वाचता आल्यावर हे लोक आपल्या धर्मात अधिक घट्ट बसले. धर्मांतर करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिकवणाऱ्याच्या हाती शिकवणे असते. शिकलेला मनुष्य त्या विद्येचे काय करील हे त्याच्या हाती नसते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

मग आले स्वतःचे शिक्षक. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे त्यांतले मोठे नाव. जन्म १८३४, मृत्यू १९०५. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेत त्यांनी सुमारे चाळीस वर्षे शिकवले आणि तिचे मुख्याध्यापक झाले. दिवसा वर्ग आणि रात्री भाषांतर. प्रार्थनेची पुस्तके एकामागून एक त्यांनी मराठीत आणली. मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक म्हणून त्यांना बोलावले गेले. ज्या समाजाला दोन पिढ्यांपूर्वी हिब्रूचे अक्षर ओळखता येत नव्हते, त्यातला एक शाळामास्तर आता विद्यापीठाच्या उमेदवारांचे हिब्रू तपासू लागला.

प्रौढांचे काय? त्यांच्यासाठी आपलेच साधन उपयोगी पडले. १८८० साली बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी कीर्तने सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सगळा थाट आपल्या हरिदासाचा. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. ज्या बाईला पुस्तक उघडता येत नव्हते तिला योसेफाच्या भावांनी त्याला विहिरीत टाकल्याचे कीर्तन ऐकून डोळ्यांना पदर लावता आला. मी तरी याला शाळाच म्हणतो.

आता केहिमकरांच्या शाळेकडे येऊ. जन्म १८३०, मृत्यू १९०८. मनुष्य सरकारी नोकरीतला, मोठा धनिक नव्हे. समाज तर त्याहून गरीब. पुरुष पलटणीत, सुतारकामात, गवंडीकामात, कचेऱ्यांत कारकून. फी कोण देणार? केहिमकरांनी अर्ज लिहिले, वर्गणी जमवली, लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनशी पत्रव्यवहार केला आणि तिचे साहाय्य मिळवले. शाळा वाढत गेली आणि १८९०च्या दशकात तिला हायस्कुलाचे रूप आले. इंग्रजी, मराठी आणि हिब्रू या तीन भाषा तिथे एका छपराखाली शिकवल्या जात. त्या काळी कोकणी मुलाला इंग्रजीने नोकरी मिळे, मराठीने घर चाले, आणि हिब्रूने आपण कोण आहोत हे कळे. पुढे १९३०च्या दशकात हाँगकाँग-शांघायचे मोठे व्यापारी सर एली कडूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले. सर एली कडूरी स्कूल म्हणून माजगावात ती अजून आहे.

कोणी विचारील, खेड्यातली मुले मुंबईत राहत कुठे? बोर्डिंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुमजली इमारत, घंटा, सुपरिंटेंडेंट आणि पातळ आमटी असे चित्र येते. कोकणातल्या मुलाचे बोर्डिंग निराळे. त्याचे बोर्डिंग म्हणजे गाववाल्यांची खोली. दहा बाय बाराची जागा, भिंतीला टेकून ट्रंका, खुंट्यांवर सदरे, रात्री गॅलरीत पथाऱ्या, पहाटे नळावर नंबर. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी निम्मे तरी असल्या बोर्डिंगातले विद्यार्थी असतील. बेने इस्राएलांची मुलेही अशीच मामाकडे, काकाकडे, आतेकडे राहून शिकली. त्यांच्या वस्त्या डोंगरी, उमरखाडी, माजगाव या बाजूला. त्यामुळे शाळेतले मास्तर संध्याकाळी जिन्यात भेटत आणि शनिवारी सिनेगॉगात भेटत. चुकवायला जागा नव्हती. शिक्षक आणि विद्यार्थी यांचे नाते त्या काळी गोड होते असे आपण फार म्हणतो; ते गोड होते त्याहून अधिक अटळ होते.

या शाळेच्या शिक्षकांत ज्यांचे नाव सर्वांत पुढे घ्यावे त्या रिबेका रुबेन. जन्म १८८९. पुण्याच्या हुजूरपागेत त्या शिकल्या, आणि १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या. मुलींत पहिल्या नव्हे, सगळ्यांत पहिल्या. त्या काळी मुंबई विद्यापीठ म्हणजे सिंधपासून कर्नाटकापर्यंतचा मुलूख. मुलीला शाळेत घालावे की नाही यावर पानेच्या पाने लिहिली जात होती त्या वेळी एका अल्पसंख्य समाजातली सोळा वर्षांची मुलगी यादीच्या माथ्यावर बसली. वाद घालणाऱ्यांना याहून नेमके उत्तर कोणते द्यायचे? पुढे त्या विलायतेत जाऊन शिकून आल्या. कुठेही मोठ्या पगाराची जागा मिळाली असती. १९२२ साली त्यांनी आपल्या समाजाच्या या शाळेचे मुख्याध्यापकपद घेतले आणि १९५० सालापर्यंत, अठ्ठावीस वर्षे, ते सोडले नाही. मुलांसाठी इंग्रजीची पाठ्यपुस्तके लिहिली, समाजाचे वार्षिक संपादित केले. १९५७ साली त्या वारल्या.

मी त्यांना पाहिलेले नाही. पण माझ्या एका वर्गमित्राची थोरली बहीण त्यांच्या हाताखाली शिकलेली होती. ती त्यांना नुसते 'बाई' म्हणे. तिच्या आयुष्यात बाई एकच होत्या. बाकीच्यांना त्यांची नावे लावावी लागत. चाळीत भांडण झाले, कोणी परीक्षेत आपटला, कोणाच्या लग्नाचे मोडले, की ती म्हणायची, बाईंना हे आवडले नसते. बाई शाळेतून निवृत्त होऊन तेव्हा पुष्कळ दिवस झाले होते. माणसाची याहून वेगळी निवृत्ती आणि बढती ती कोणती?

त्या वर्गमित्राविषयी थोडे सांगायला हवे. मी १९५०च्या दशकात गाववाल्यांच्या खोलीवर राहून डोंगरीच्या बाजूच्या एका शाळेत शिकलो. ती ही शाळा नव्हे. आमच्या वर्गात बेने इस्राएल मुले पाच होती, आणि इंग्रजीचे मास्तर त्याच समाजातले, माजगावच्या शाळेत तयार झालेले. शाळा शनिवारी सकाळची असे. मास्तर चालत येत, वर्गात उभे राहत, पण शनिवारी खडू हातात धरीत नसत. लिहिणे हे काम, आणि त्या दिवशी काम वर्ज्य. मग त्यांनी शनिवारचा तास सगळा तोंडी करून टाकला. पाठांतर, प्रश्नोत्तरे, एकाने गोष्ट सांगायची आणि दुसऱ्याने ती पुढे न्यायची. फळ्यावर काही लिहायचे झालेच तर आमच्यापैकी एखाद्याला बोलावीत. पुढे नोकरीत लोक म्हणत की तुमच्या शाळेची मुले इंग्रजी न अडखळता बोलतात. त्याचे कारण पाठ्यक्रमात कुठे सापडणार नाही. एका मनुष्याने आपला नेम मोडला नाही आणि आमचा तासही बुडू दिला नाही, एवढेच ते कारण.

माझा मित्र बाकावर माझ्या शेजारी बसे. त्यांच्या नव्या वर्षाला त्याची आई चिकाचा हलवा करी, नारळाच्या रसातला. आणि मग आठ दिवस आमच्या डब्यांचा व्यवहार एकतर्फी चाले. तो माझ्याकडे गणपतीत येई, आरतीला उभा राही, टाळ वाजवी, पण प्रसादाला हात लावीत नसे. माझ्या आईने त्याच्यासाठी वेगळे केळे काढून ठेवावे आणि त्याने ते जिन्यात खावे, असा करार झालेला होता. त्यावर कधी चर्चा झाली नाही. आजकाल अशा गोष्टींवर परिसंवाद भरतात.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि त्या समाजाची पाळेमुळे सैल होऊ लागली. कोणी हाकलले नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवे. जगात पुष्कळ देशांतून यहुद्यांना मार खाऊन निघावे लागले. या किनाऱ्याहून जे गेले ते निरोपाचे नारळ घेऊन गेले. तरी गेले. धर्माची ओढ, नोकरीची आशा, आणि भाऊ गेला म्हणून बहीण, बहीण गेली म्हणून आई. १९५१ सालच्या खानेसुमारीत भारतात यहुदी सव्वीस हजारांच्या आसपास होते. १९७१ सालच्या खानेसुमारीत सहा हजारही भरले नाहीत. वर्गशिक्षकाला हे आकडे निराळे दिसतात. त्याला जूनमध्ये हजेरीपट भरताना दिसते की मागच्या वर्षीची तीन नावे यंदा नाहीत.

आमच्या वर्गातले पाचही गेले. माझा मित्र १९६३ साली गेला. त्याचे पहिले पत्र बीरशेबाहून आले, मराठीत. तिकडे नव्याने आलेल्यांना हिब्रूचे वर्ग असत. त्याने लिहिले होते की पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर अक्षरे काढली आणि इतर देशांतले लोक चाचपडत असताना याने ती सगळी वाचून दाखवली. आजोबांनी शिकवली होती. आजोबांना केहिमकरांच्या शाळेने.

पण दुसऱ्या पत्रात सूर निराळा होता. त्याच सुमारास, १९६२ साली, तिथल्या मुख्य धर्मपीठाने असा आदेश काढला होता की बेने इस्राएलांपैकी कोणी इतर यहुद्यांशी लग्न करू इच्छील तर त्याच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. तुमची विवाहाची आणि घटस्फोटाची रीत शास्त्राप्रमाणे होती याला पुरावा काय, असा प्रश्न होता. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घाणा बंद ठेवला त्यांना विचारले की तुम्ही खरे कोण? १९६४ साली या लोकांनी जेरुसलेममध्ये मोठा सत्याग्रह केला. प्रकरण तिथल्या लोकसभेत गेले, ते पूर्ण यहुदी आहेत असे सरकारने जाहीर केले, आणि धर्मपीठाला बेने इस्राएलांचे नाव आदेशातून काढावे लागले. उपोषण, धरणे, शिस्त, ही लढण्याची पद्धत त्यांनी कुठून नेली हे आपल्याला सांगायला नको.

इथे मला पुन्हा केहिमकर आठवतात. या मास्तराने शाळा चालवता चालवता आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला होता. चालीरीती, लग्नाचे विधी, सण, घराणी, गावे, सगळे. हस्तलिखित १८९७ साली तयार झाले. ते छापून निघाले तेल अवीवला, १९३७ साली, केहिमकर वारल्याला एकोणतीस वर्षे झाल्यावर. म्हणजे तुम्ही कोण हा प्रश्न विचारला जाण्यापूर्वी पंचवीस वर्षे त्याचे उत्तर त्याच देशात पुस्तकरूपाने छापलेले होते. आपल्याकडे इतिहास लिहिणे म्हणजे राजांच्या लढाया लिहिणे अशी समजूत असताना एका मनुष्याने दारफळणी, बिरडे आणि मलिदा यांची नोंद केली. त्या नोंदींची कधी कोणाला गरज लागेल हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता तो प्रश्न, ज्याकडे पुन्हा येईन असे मघाशी म्हटले. ही शाळा समाज एकत्र राहावा म्हणून काढली होती. मुलांना आपल्या सिनेगॉगात उभे राहून अलिबागला, रेवदंड्याला, पेणला प्रार्थना म्हणता यावी म्हणून हिब्रू शिकवले. तीच हिब्रू पुढे प्रवासाची शिदोरी झाली. मुले इतकी नीट शिकली की ती निघून जाऊ शकली. मग शाळा यशस्वी झाली की अयशस्वी? माझ्या मित्राशी या प्रश्नावर मी पत्रातून पुष्कळ भांडलो. तो म्हणे, शिक्षकाने पंख द्यावेत आणि गप्प बसावे. मी म्हणे, बाबा रे, तुमच्या मास्तरांनी पंख दिले नव्हते, मुळे दिली होती. तुम्ही ती उपटून नेलीत. तो उत्तर देई, मुळासकटच नेली, म्हणून तर तिकडे रुजलो. या युक्तिवादात तो माझ्यावर मात करी हे मला मान्य आहे. तरीही अलिबाग तालुक्यात एखाद्या माळावर हिब्रू आणि मराठी अशा दोन लिप्यांत कोरलेले दगड पाहिले, त्यांच्यातून वाढलेले गवत पाहिले, की माझी बाजू मला अगदीच टाकाऊ वाटत नाही.

त्याच्या बाजूने आणखी एक साक्ष द्यायला हवी. तिकडे गेलेल्यांनी मराठी टाकली नाही. १९८०च्या दशकात इस्राएलमध्ये 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिक निघाले आणि चिकाटीने चालले. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या गावांतून मलिदा होतो. पोहे, नारळ, गूळ आणि फळे, एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने. तो संदेष्टा अलिबागजवळच्या खंडाळ्याला उतरून स्वर्गात गेला आणि त्याच्या रथाच्या चाकाची खूण खडकावर आहे ही श्रद्धा त्यांनी बरोबर नेली. जेरुसलेम जवळ असताना त्यांना खंडाळ्याची आठवण येते. आम्ही इकडे राहून खंडाळ्याला किती वेळा गेलो?

आणि माजगावची शाळा? ती बंद पडली नाही. वर्गात यहुदी मुले आता शोधावी लागतील, पण वर्ग रिकामे नाहीत. भोवतालच्या वस्तीतली मुले तिथे शिकतात, त्यांत मुसलमान मुले मोठ्या संख्येने. आपल्या समाजासाठी म्हणून लावलेल्या झाडाखाली शेजाऱ्यांची मुले बसली आहेत. जगात यहुदी आणि मुसलमान ही दोन नावे कोणत्या संदर्भात जोडीने ऐकू येतात ते वर्तमानपत्रे रोज सांगतात. माजगावात ती एका शाळेच्या पाटीवर आणि तिच्या हजेरीपटावर जोडीने आहेत, आणि त्याची बातमी होत नाही.

वेळ होत आली. शेवटी एक काम सांगतो, ते माझे एकट्याच्याने पुरे होत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या मित्राने तिकडून एक लखोटा पाठवला. आत फुलस्केपचे दोन ताव. त्यावर आमच्या अकरावीच्या वर्गाचा हजेरीपट, क्रमांकासह, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बेचाळीस नावे. साठ वर्षे उलटल्यावर त्याला ती ओळीने आठवली, कारण इंग्रजीचे मास्तर शनिवारी हजेरीही पुस्तकात न मांडता तोंडी घेत आणि आम्हांलाच पाठ करायला लावीत. प्रत्येक नावापुढे त्याने जागा सोडली होती आणि लिहिले होते की ज्याचे जे ठाऊक असेल ते भर. मी भरीत बसलो. कोण कुठे आहे, कोण केव्हा वारला, कोणाची नातवंडे काय करतात. सव्वीस नावे झाली. सोळा राहिली आहेत. त्यांतले क्रमांक नऊ आणि क्रमांक एकतीस हे आपल्याच जिल्ह्यातले होते. एक दापोलीकडचा, दुसरा बहुधा संगमेश्वरचा, आणि दोघेही गाववाल्यांच्या खोलीवर राहून शिकलेले. ते ताव मी बरोबर आणले आहेत. आभाराचे झाल्यावर मी इथे या टेबलाशी थांबणार आहे. कोणाच्या घरी त्या दोघांविषयी काही माहीत असेल तर चष्मा लावून जरा पाहून जा.